ओव्हरटाइम लपतो कुठे?

गळीत हंगामात जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे साखर कारखाने रात्रंदिवस चालतात. पाळी मध्यरात्र ओलांडते तेव्हा तासांचा हिशेब हमखास चुकतो.

समजा, रात्री 10 ला आलेला कामगार सकाळी 7 ला सुटला. 7 मध्ये 24 मिळवा, 22 वजा करा : 9 तास. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी काढली की साडेआठ. गणितात हे 8.5 लिहायचे; 8.30 लिहिले तर रोज 12 मिनिटे बुडाली. यंत्रापाशी उभ्यानेच डबा खाल्ला असेल, तर ती सुट्टी कापणे हा सरळ अन्याय आहे.

1948 च्या कारखाने कायद्याने घालून दिलेला, 2025 पर्यंत लागू असलेला हिशेब असा होता : दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांपुढचे काम दुप्पट दराने. साडेआठ तासांचे सहा दिवस म्हणजे 51 तास. एकही दिवस 9 च्या वर नाही, तरी 3 तास ओव्हरटाइम! आठ तासांचे 600 रुपये धरले तर तासाला 75, दुप्पट 150. म्हणजे 450 रुपये. रोजची हजेरी तेवढी पाहणाऱ्याला हे दिसतच नसे.

फडातल्या ऊसतोड मजुराला मात्र पैसे टनावर मिळतात, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. गाडी रात्री उशिरा आली तरी मोळ्या भराव्याच लागतात. गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ कुणी मोजत नाही. वजनाच्या पावतीवर भरणीची वेळही नोंदवली जावी, सुरुवात तिथून करता येईल.