किक हलकी लागते तेव्हा

बंद पडलेली मोटरसायकल ढकलत आणली, तर जुना मिस्त्री काय झालं ते विचारत नाही. आधी किक मारतो. किक खाली जाताना मध्येच पायाला जो अडथळा लागतो, तो सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीची किक त्या दिवशी चेन उतरलेल्या सायकलचं पायडल फिरावं तशी सरकन खाली गेली. मिस्त्रींनी प्लग काढला, भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा किक मारली. दोष पिस्टनच्या रिंगचा असता, तर ऑइलने फट भरून किक थोडी जड झाली असती. ती तशीच हलकी राहिली. "वॉल वाकलाय साहेब. हेड काढावं लागणार."

कोशात त्याला झडप म्हणतात, शिकलेले लोक व्हॉल्व्ह म्हणतात, गॅरेजात तो वॉल. पेन्सिलीपेक्षा बारीक पोलादी दांडा आणि त्याच्या टोकाला नाण्याएवढी चकती, एवढीच ती वस्तू. एका व्हॉल्व्हने पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्याने धूर बाहेर जातो. कॅमशाफ्ट त्यांना उघडतो आणि स्प्रिंग बंद करते. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची चकती त्या वेळी सातशे अंशांच्या आसपास तापलेली असते. सीटवर, म्हणजे हेडमधल्या कड्यावर टेकते तेवढ्या क्षणात ती आपली बरीचशी उष्णता हेडला देते. टेकली नाही, की जळते.

पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह जवळपास त्याच्याच वाटेत उघडलेला असतो. दोघांची धडक टळते ती केवळ वेळेच्या हिशेबावर, आणि तो हिशेब सांभाळते टायमिंग चेन. चेन ढिली पडली, ताणून धरणारा टेन्शनर थकला, की चेन दात सोडते. कॅमच्या चाकाला ३२ दात असतील, तर एक दात सुटणं म्हणजे क्रँकवर साडेबावीस अंशांची चूक. एका दाताला गाडी नुसती मरगळते. दोन-तीन दात सुटले, की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला खालून ठोसा मारतो. महिनाभर सकाळच्या पहिल्या स्टार्टला माझ्या इंजिनातून जी कटकट ऐकू यायची, ती हीच चेन. मी ती ऐकत होतो आणि ऑफिसला जात होतो.

दुसरं कारण स्वाराच्या पायात असतं. वेगात असताना चुकून गिअर फार खाली टाकला, तर इंजिन एकदम आपल्या मर्यादेपलीकडे फिरतं. स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवता येत नाही आणि तो हवेत तरंगत राहतो. स्प्रिंगच्या या दुबळेपणावर डुकाटीच्या फाबिओ ताल्योनी या अभियंत्याने १९५६ साली शर्यतीच्या गाडीत उपाय आणला. स्प्रिंगवर विसंबायचंच नाही, व्हॉल्व्ह मिटवायलाही वेगळा कॅम द्यायचा. उपाय देखणा खरा, पण पुढे डुकाटीने कॅम फिरवायला रबरी पट्टे आणले आणि पट्टा तुटला की त्याही गाडीचे व्हॉल्व्ह वाकायचेच.

आपल्याकडच्या कित्येक मिस्त्रींना हे दुखणं उशिरा भेटलं. जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० ही सगळी टू-स्ट्रोक मंडळी. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरची भोकं उघडतो-झाकतो, त्यामुळे कॅम नाही, टायमिंग चेन नाही आणि वाकायला व्हॉल्व्हही नाही. बुलेटला व्हॉल्व्ह होते, पण तिच्या जुन्या इंजिनात कॅम गिअरवर फिरायचे. गिअर दात सोडत नाही. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, पेट्रोल पुरवून पुरवून पिऊ लागली आणि डोक्यावर कॅम, बाजूने चेन ही मांडणी घरोघरच्या अंगणात उभी राहिली. आमचे मिस्त्री जावावर हात बसलेले. पहिलं फोर-स्ट्रोक हेड उघडलं तेव्हा घड्याळ उघडल्यासारखं वाटलं, असं ते सांगतात.

हेड निघालं. पिस्टनच्या माथ्यावर काजळीत एक चंद्रकोर उमटली होती, व्हॉल्व्हच्या कडेची. मिस्त्रींनी तिच्यावरून नख फिरवलं. खोल खाच नव्हती, पिस्टन वाचला. मग हेड उलटं धरून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं. एका बाजूने थेंबही येईना, दुसऱ्या बाजूने धार लागली. तिथून पुढचं काम त्यांचं नव्हतं. हेड पिशवीत घालून आम्ही नाना पेठेत गेलो. सुट्या भागांच्या दुकानांमागे, बोळात, फक्त हेडकाम करणारा एक कारागीर बसतो.

व्हॉल्व्ह कसा काढतात यावरूनच त्यांचा हात कळला. स्प्रिंग दाबून लॉकच्या दोन पाकळ्या काढल्या, की घाईचा माणूस दांड्यावर हातोडी मारतो. वाकलेला दांडा गाइडमधून, म्हणजे ज्या नळीत तो सरकतो तिच्यातून, ओरबाडत बाहेर येतो आणि शंभराच्या दुरुस्तीची हजाराची होते. यांनी आधी लॉकच्या खाचेवर उठलेली धार बारीक दगडाने घासली, मग दांडा बोटांनी फिरवून पाहिला. अडला. कारागिरांनी सरळ कटर घेतला आणि दांडा मधोमध कापला. चकती खालून निघाली, उरलेला तुकडा वरून.

"हा सरळ होत नाही का?" मी विचारलं. सगळेच विचारत असावेत, कारण उत्तरादाखल त्यांनी फळीवरून एक पिस्टन काढून माझ्या हातात दिला. त्याच्या माथ्यात एक चकती रुतून बसली होती, दांड्याविना. कोणीतरी व्हॉल्व्ह लेथवर धरून तांब्याच्या हातोडीने सरळ केला होता. डोळ्याला सरळ दिसला. पण एकदा वाकून परत आलेल्या पोलादात सूक्ष्म तडे राहतात, आणि अनेक व्हॉल्व्हमध्ये चकती आणि दांडा मुळात दोन वेगळ्या पोलादांचे जोडलेले असतात. सेकंदाला पन्नास ठोके खात अशी वस्तू किती दिवस तग धरणार? शिवाय दांड्याचा वाक ०.०१ ते ०.०५ मिलिमीटरच्या आतच चालतो. माणसाचा केस याहून जाड असतो.

म्हणजे वाकडा व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही. काहीशे रुपयांचा नवा येतो. दुरुस्ती असते ती त्याच्या धक्क्याने बिघडलेल्या घराची.

आधी गाइड. नवा व्हॉल्व्ह आत घालून त्याची चकती हलवली, तर ती लटलटत होती. हेड भट्टीत तापवलं. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम हेडमधून जुनी बिडाची गाइड सुटते. फ्रिजमध्ये ठेवलेली नवी तिथे ठोकून बसवली, की हेड थंड होताना तिला आवळून घेतं. मग रीमर फिरवून भोक मापाला आणायचं. रीमर बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही, नाहीतर त्याच्या धारा बोथटतात आणि भोक खरवडलं जातं.

मग सीट. गाइड बदलली की व्हॉल्व्हचा मध्य किंचित सरकतो, म्हणून सीट पुन्हा कापावीच लागते. टेकायची कड ४५ अंशांची, तिच्या वर-खाली वेगळ्या कोनांचे दोन काप, आणि मधे उरते जेमतेम मिलिमीटरभर रुंद चकाकती रेघ. रेघ फार रुंद राहिली तर तिच्यावर काजळी साठते, फार अरुंद झाली तर उष्णता पुरेशी उतरत नाही.

शेवटी घासणी. चकतीच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावली, रबरी चोखणी असलेली काठी तिला चिकटवली आणि रवीने ताक घुसळावं तशी दोन्ही तळव्यांत फिरवली. सुरुवातीला खरखर जाड होती. हळूहळू ती मऊ झाली, आणि कान देऊन बसलेले कारागीर थांबले. उचलून पाहिलं. सगळीकडून सारखी राखाडी कड, कुठेही तुटलेली नाही. हे काम थोडंच करायचं असतं. सीट नीट न कापता नुसती घासत बसणाऱ्यांविषयी ते जे बोलले ते इथे छापता येणार नाही. नंतर हेड रॉकेलने धुतलं आणि पुन्हा साबणाच्या गरम पाण्याने, कारण पेस्टचा एक कण जरी गाइडमध्ये राहिला तर नवी गाइडही तो खाऊन टाकतो. मग पुन्हा रॉकेल ओतलं आणि आम्ही चहा घेतला. परत येऊन पाहिलं तर खालचा कागद कोरडा होता.

गॅरेजवर मिस्त्रींनी नवी चेन, नवा टेन्शनर आणि नवी गॅस्केट घालून हेड चढवलं. कॅमच्या चाकावरची खूण जुळवली. नवखा इथे लगेच किक मारतो आणि दोन-तीन दातांची चूक झाली असेल, तर नवा व्हॉल्व्हही वाकवून बसतो. यांनी आधी क्रँक पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या फिरवला. कुठे अडला नाही. खूण पुन्हा पाहिली, मग फीलर गेजची पाती सरकवून टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरची बारीक फट मापाला आणली.

"मारा किक."

पाय मध्येच अडला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पाचेक मिनिटं चालू ठेवून मिस्त्रींनी ती बंद केली आणि हात पुसत म्हणाले, "आता जोरात पळवू नका. परवा सकाळी या, गाडी चालवत नको, ढकलत आणा. इंजिन थंड पाहिजे, टॅपेट परत बघायचेत."

घर दीड किलोमीटरवर आहे, आणि मधे चढ आहे.