उठावदार अक्षरे : कागदावर पावडर वितळवताना



घरातली एखादी जुनी लग्नपत्रिका काढा आणि तिच्यावरच्या गणपतीवरून बोट फिरवा. बऱ्याच पत्रिकांवर चित्र आणि नावं बोटाला उंच लागतात. ओल्या शाईवर बारीक पावडर टाकून ती उष्णतेने वितळवलेली असते. हेच काम आपण वर्गात छोट्या प्रमाणात करू शकतो. त्याला हीट एम्बॉसिंग म्हणतात.

माझ्या वर्गात एका मुलीला फार कमी दिसतं. भेटकार्डाच्या तासाला ती नुसती बसून राहायची. २६ जूनच्या शाहू जयंतीसाठी आम्ही या पद्धतीने कार्डं केली. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, हे 'शा' आहे!" तेव्हापासून हा उपक्रम मी सोडलेला नाही.

साहित्य : जाड कार्डशीट, ठसा, एम्बॉसिंगची शाई, एम्बॉसिंग पावडर, कोरडा ब्रश, हीट गन.

ऑफिसच्या शिक्क्याची शाई लगेच वाळते, मग पावडर चिकटत नाही. एम्बॉसिंगच्या शाईत ग्लिसरीनसारखा पदार्थ असतो, म्हणून ती बराच वेळ ओली राहते. बटाट्याचा किंवा भेंडीचा ठसा चालतो, पण कापलेली बाजू आधी फडक्याने नीट टिपून घ्या. खोडरबर कोरून केलेला ठसा जास्त स्वच्छ उठतो.

कृती :

१. कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवा आणि जादाची झटका. कोल्हापूरच्या जूनच्या पावसाळी हवेत कागद दमट होतो आणि पावडर नको तिथे चिकटते. हे केलं की ते टळतं.

२. ठसा उमटवा. वेळ न घालवता त्यावर एम्बॉसिंग पावडर भरपूर टाका.

३. कागद तिरका करून उरलेली पावडर दुसऱ्या कागदावर घ्या आणि डबीत परत भरा. वाया काही जात नाही.

४. इकडेतिकडे राहिलेले कण कोरड्या ब्रशने काढा. वितळल्यावर ते निघत नाहीत.

५. हीट गन आधी थोडी तापू द्या. मग दोन-तीन इंचांवरून एका जागी धरा. पावडर चमकून एकसंध झाली की लगेच पुढे सरका. जास्त तापवलं तर ती कागदात मुरते आणि उठाव जातो.

"हेअर ड्रायर चालेल का?" असं पालक हमखास विचारतात. नाही चालत. त्याची हवा जोरात आणि उष्णता कमी, त्यामुळे पावडर वितळायच्या आधीच उडून जाते. हीट गन नसेल तर गरम इस्त्रीच्या तळाजवळ कागदाची मागची, कोरी बाजू चिमट्याने धरा. पावडरच्या बाजूला इस्त्री लावू नका.

दक्षता : हीट गनची हवा दोनशे अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून ठसा मुलांनी मारायचा, पावडर मुलांनी टाकायची, पण गन किंवा इस्त्री शिक्षक-पालकांनीच धरायची. खिडक्या उघड्या ठेवा. कार्ड निवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, कारण वितळलेली पावडर त्वचेला चिकटून भाजते.

यातून विज्ञानही शिकवता येतं. पावडर हा स्थायू, तापवल्यावर द्रव, निवल्यावर पुन्हा स्थायू. मुलांना विचारा, "मेणबत्तीचं मेण आणि ही पावडर यांत सारखं काय?" अवस्थांतर हा शब्द फळ्यावर लिहायच्या आधीच त्यांना कळलेला असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा ब्रेलला पर्याय नाही. एका थराचा उठाव ब्रेलच्या ठिपक्यापेक्षा बराच कमी असतो. थर गरम असतानाच वर पुन्हा पावडर टाकून तापवलं की उंची वाढते. अक्षरं मोठी, सुटी आणि साध्या वळणाची घ्या. बारीक नक्षी बोटाला कळत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते प्रत्येक मूल शाळेत यावं म्हणून. आलेल्या प्रत्येक मुलाला वर्गातल्या कामात हात घालता यावा, हे मात्र आपल्यावर आहे. पहिलं कार्ड बिघडेल, माझंही काळपट झालं होतं. दुसरं नक्की जमेल. करून बघा!