पहारेकऱ्यावर पहारा

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी लाखो मुले एकाच वेळी आपला बैठक क्रमांक मोबाईलवर टाइप करतात. काही क्षणांत गुण समोर दिसतात. हे उत्तर तुमच्या मोबाईलमध्ये नसते. ते कोठेतरी दूर ठेवलेल्या एका मोठ्या संगणकाकडून आलेले असते. मागेल त्याला माहिती किंवा सेवा पुरवणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील पैशांची देवघेव, रुग्णालयातील नोंदी, वीजवाहिन्यांची देखरेख ही सारी कामे आज सर्व्हर करतात.

हे सर्व्हर थंड ठेवलेल्या बंद खोल्यांत रात्रंदिवस चालू असतात. त्यांच्यासमोर सहसा माणूस बसलेला नसतो. मग मध्यरात्री दोन वाजता एखादा सर्व्हर बंद पडला, तर ते कळणार कोणाला आणि कसे?

दूरवरचा पहारेकरी

हे काम दुसऱ्याच एका संगणकावर सोपवलेले असते. त्याच्यावर पहारा करणारा एक छोटा प्रोग्रॅम चालतो. आपण त्याला पहारेकरी म्हणू. तो ठरावीक वेळाने, समजा दर मिनिटाला, दूरच्या सर्व्हरला एक लहानसा संदेश पाठवतो. त्याचा अर्थ एवढाच, की "आहेस का?" सर्व्हर उत्तर देतो, "आहे." उत्तर आले नाही तर पहारेकरी पुन्हा विचारतो. लागोपाठ तीन वेळा उत्तर आले नाही, की तो इंजिनिअरच्या फोनवर धोक्याची सूचना धाडतो.

असा प्रश्न विचारणारा 'पिंग' नावाचा प्रोग्रॅम अमेरिकेतील माईक मूस यांनी १९८३ साली लिहिला. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनिलहर पाठवून तिच्या प्रतिध्वनीची वाट पाहतात. त्या ध्वनीवरूनच हे नाव आले.

येथपर्यंत सारे सोपे आहे. पण आता एक अवघड प्रश्न येतो. पहारेकरीच झोपी गेला तर? त्याचा संगणक बंद पडला, किंवा त्याची तार तुटली, तर इंजिनिअरला काय कळेल? काहीच नाही. सारे सुरळीत असतानाही त्याचा फोन वाजत नाही, आणि पहारेकरी निकामी झाल्यावरही वाजत नाही. म्हणजे एकाच शांततेचे दोन अगदी विरुद्ध अर्थ होतात. या गोंधळामुळे केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे एक खरे उदाहरण पाहू.

ओहायोतील मूक घंटा

अमेरिकेतील ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी नावाची वीज कंपनी आहे. तिच्या नियंत्रणकक्षात दूरदूरच्या वीजवाहिन्यांची माहिती संगणकावर येत असे. कोठे बिघाड झाला की पडद्यावर सूचना उमटे आणि घंटा वाजे. या कामासाठी एक मुख्य सर्व्हर होता आणि तो बिघडल्यास काम हाती घेणारा दुसरा राखीव सर्व्हरही होता.

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी सूचना देणारा प्रोग्रॅम अडकून पडला. घंटा मुकी झाली. पण ती मुकी झाल्याचे सांगणारी दुसरी घंटा नव्हती. नियंत्रणकक्षातील लोकांना वाटले, सारे ठीक आहे. २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य सर्व्हरही बंद पडला. ठरल्याप्रमाणे राखीव सर्व्हर पुढे आला. परंतु त्याच्याकडे तोच प्रोग्रॅम त्याच अडकलेल्या अवस्थेत आला, आणि १३ मिनिटांत तोही बंद पडला.

सर्व्हर बंद पडल्याची सूचना संगणक विभागाला आपोआप मिळाली होती. त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केले. यंत्रे चालू झाली, म्हणून त्यांना काम झाले असे वाटले. पण घंटा वाजते की नाही, हे नियंत्रणकक्षाला कोणी विचारले नाही. ती वाजत नव्हतीच! शेजारच्या एका वीज कंपनीने फोन करून एका वाहिनीतील बिघाडाविषयी विचारणाही केली होती. पण आपल्या पडद्यावर सूचना नाही, म्हणून त्या फोनचे महत्त्व ओळखले गेले नाही.

त्या वेळात बाहेर काय घडत होते? भाराने तापून लोंबणाऱ्या उच्च दाबाच्या तारा खालच्या वाढलेल्या झाडांना लागत होत्या आणि एकेक वाहिनी बंद पडत होती. बंद पडलेल्या वाहिनीचा भार दुसरीवर जाई, मग तीही तापे. अखेर ४ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास वाहिन्या आणि वीजकेंद्रे धडाधड बंद पडू लागली. अवघ्या काही मिनिटांत अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ओन्टारिओ प्रांत यांतील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. काही भागांत ती परत यायला चार दिवस लागले.

झाडे वेळेवर न छाटणे हेही या संकटाचे एक कारण होते. पण घंटा मुकी झाली आहे एवढे जरी कळले असते, तरी सावध होण्यासाठी हाताशी तासाभराहून अधिक वेळ होता.

शांततेलाच धोका माना

या घटनेवरून पहिला धडा मिळतो तो असा, की पहारेकऱ्याने केवळ संकटातच ओरडून भागत नाही. सारे ठीक असतानाही त्याने "मी जागा आहे" असे सांगत राहिले पाहिजे. पूर्वी ठाण्यावरचा पहारेकरी दर तासाला टोल देई. त्यामुळे लोकांना वेळ कळे, आणि टोल पडला नाही तर पहारेकऱ्याकडे पाहायला हवे हेही कळे.

संगणकावरील पहारेकरीही असेच टोल देतात. संगणकतज्ज्ञ त्यांना 'हार्टबीट' म्हणजे हृदयाचे ठोके म्हणतात. एक पहारेकरी दुसऱ्याला दर काही सेकंदांनी ठोका पाठवतो. ठोका चुकला की दुसरा सूचना देतो. येथे शांतता हीच धोक्याची खूण ठरते. मुंबईच्या लोकल गाडीत मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते. त्याला भोवळ येऊन हात सैल पडला तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. तत्त्व तेच आहे.

दुसरा धडा असा, की केवळ श्वास चालू आहे एवढे पाहून भागत नाही, काम होते आहे का हे पाहावे लागते. निकालाच्या सर्व्हरला नुसते "आहेस का?" विचारण्यापेक्षा एक ठरावीक बैठक क्रमांक विचारून बरोबर उत्तर येते का, हे तपासणे अधिक चांगले.

दोन की तीन?

आता थोडे गणित करू. समजा, एक पहारेकरी शंभरातील ९९ तास जागा असतो आणि एक तास निकामी असतो. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे वर्षातील सुमारे ८८ तास पहाराच नसतो. साडेतीन दिवसांहूनही अधिक!

आता दुसरा तसाच पहारेकरी नेमा. दोघेही एकाच वेळी निकामी असण्याची शक्यता १/१०० गुणिले १/१००, म्हणजे १/१०,००० होते. वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. केवढा फरक पडला पाहा!

पण या गुणाकारात एक अट दडलेली आहे. दोघांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. ओहायोत सर्व्हर दोन होते, पण प्रोग्रॅम एकच आणि त्यातील चूकही एकच. जे पहिल्याला झाले, तेच दुसऱ्याला झाले. तेथे गुणाकार लागूच होत नाही. म्हणून पहारेकरी वेगळ्या गावी, वेगळ्या वीजपुरवठ्यावर, वेगळ्या कंपनीच्या तारांवर आणि शक्य तर वेगळ्या बनावटीचे असावे लागतात.

जागेचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण २८ फेब्रुवारी २०१७ चे आहे. त्या दिवशी ॲमेझॉन कंपनीची अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागातील माहिती साठवण्याची सेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली होती. कोणती सेवा चालू व कोणती बंद हे लोकांना सांगणारा कंपनीचा फलकही त्याच सेवेवर अवलंबून होता. त्यामुळे सेवा बंद असतानाही फलक बदलता येईना! जे घर जळण्याची भीती, त्याच घरात आगीची घंटा ठेवल्यासारखे हे झाले. नंतर कंपनीने फलकाची व्यवस्था अनेक विभागांत विभागली.

खोटी हाकाटी

दोन पहारेकरी नेमले की आणखी एक अडचण उभी राहते. एक म्हणतो, सर्व्हर बंद आहे. दुसरा म्हणतो, चालू आहे. खरे कोणाचे मानायचे?

जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन केबल तुटल्या आणि भारताचा पश्चिमेकडील देशांशी होणारा इंटरनेटचा संपर्क विस्कळीत झाला. समजा, लंडनमधील एका सर्व्हरवर त्या वेळी मुंबईहून पहारा चालू असता, तर मुंबईच्या पहारेकऱ्याला उत्तर मिळाले नसते आणि त्याने सर्व्हर बंद पडला असे कळवले असते. प्रत्यक्षात सर्व्हर धडधाकट, तुटली होती ती वाट!

म्हणून पहारेकरी तीन नेमतात आणि निदान दोघांचे एकमत झाले तरच सूचना देतात. संख्या विषम ठेवली की कौल बरोबरीत अडकत नाही. मात्र याची थोडी किंमत मोजावी लागते. तिघांपैकी दोघे एकाच वेळी निकामी झाले तर उरलेल्या एकाचे मत पुरत नाही. आपल्याच आकड्यांनी हिशेब केला, तर असे वर्षातून अडीच तासांहून थोडे अधिक होईल. ५३ मिनिटांपेक्षा हे जास्त आहे, पण ८८ तासांच्या मानाने फारच थोडे, आणि खोटी हाकाटीही टळते. रोज खोटी घंटा वाजू लागली तर माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतात. ती किंमत कितीतरी मोठी असते.

एवढे करूनही शहाणे इंजिनिअर अधूनमधून एक पहारेकरी मुद्दाम बंद करतात आणि उरलेले ओरडतात का ते पाहतात. न तपासलेल्या घंटेवर विसंबणे हे घंटा नसण्यापेक्षाही वाईट.

करून पाहा

दोन फासे घ्या. प्रत्येक फासा म्हणजे एक पहारेकरी. एक हा आकडा पडला की तो पहारेकरी झोपला असे समजा. प्रथम एकच फासा १८० वेळा टाका आणि तो किती वेळा झोपला ते लिहा. नंतर दोन्ही फासे मिळून १८० वेळा टाका आणि दोघेही एकदम किती वेळा झोपले ते मोजा. पहिली संख्या ३० च्या आसपास आणि दुसरी ५ च्या आसपास येईल.

आता दोन्ही फाशांची एक आकड्याची बाजू एकाच दिशेला करून ते चिकटपट्टीने एकमेकांना घट्ट चिकटवा आणि पुन्हा टाका. आता एक झोपला की दुसराही झोपतो! पहारेकरी दोन दिसतात, पण खरे पाहता तो एकच असतो. वर्गात हा प्रयोग करा आणि मग ओहायोतील दोन सर्व्हर कोणत्या फाशांसारखे होते, ते आपल्या शिक्षकांना सांगा.