पाणी पिणारी प्रत्येक जमीन सेप्टिक टँकला चालत नाही

गावाकडे घर बांधताना पायासाठी कातळ किती खोल आहे ते पाहतात, विहिरीसाठी पाणाड्या बोलावतात. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा मात्र जागा उरेल तिथे घेतात. टाकीत मैला कुजला की पाणी शुद्ध होऊनच बाहेर पडते, हा समज त्याच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात टाकीत जड गाळ तळाला बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मैल्याचा काही भाग कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. उरलेले काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळती असेल आणि पाणी सावकाश झिरपत असेल, तर जंतू तिथे अडकतात आणि मरतात. त्यामुळे ‘इथे पाणी जिरते का?’ एवढे विचारून भागत नाही. जिरायला किती वेळ लागतो, हेही पाहावे लागते.

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हमखास फसगत होते. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे हंडाभर पाणी ओतले की बघता बघता गडप होते आणि ‘जमीन चांगली पिते’ असा निकाल लागतो. पण या मातीतली चिकण खनिजे भिजली की फुगतात, भेगा मिटतात आणि पाणी जागचे हलेनासे होते. शोषखड्ड्यात रोज पाणी येते, म्हणजे त्याच्याभोवती बाराही महिने पावसाळाच. म्हणूनच आयएस २४७० या भारतीय मानकातली पाझर-चाचणी आधी भिजवलेल्या मातीवर होते. पाणी जिथे मुरवायचे त्या खोलीपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचे भोक घेतात, बाजू खरवडतात, तळाशी ५ सेंटिमीटर वाळू किंवा खडी टाकतात आणि त्यावर ३० सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर मुरू देतात. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून ते दर अर्ध्या तासाला किती उतरते ते मोजतात. २.५ सेंटिमीटर उतरायला ३० मिनिटांपर्यंत लागली तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटे लागली तर पाणी उथळ चरांतून पसरवावे. त्याहून जास्त लागली तर ते आधी गाळण टाकीतून काढावे. ‘मग खड्डाच मोठा घेऊ’ हा नेहमीचा तोडगा आहे. त्याने मुरायला जागा वाढते हे खरे, पण घट्ट चिकणमातीत असा खड्डा तुंबायचा टळत नाही, फक्त उशिरा तुंबतो.

याउलट, पाणी जितके लवकर जिरेल तितके चांगले, हाही गैरसमजच. कोकणातल्या जांभ्यात आणि देशावरच्या भेगाळ काळ्या पाषाणात पाणी झपाट्याने दिसेनासे होते, कारण ते माती टाळून भेगांमधून धावते. वाटेत गाळले न जाता ते थेट विहिरीला मिळू शकते. मानकात पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर अंतर सांगितले आहे. ‘किमान’ हा शब्द भेगाळ खडकात अधिकच गांभीर्याने घ्यायला हवा. भूजल १.८ मीटरच्या आत येत असेल, तर चांगल्या मातीतही पाणी मुरवण्याची व्यवस्था जमिनीच्या वर उचलून घ्यावी लागते. ही पातळी मेमध्ये पाहून उपयोग नाही, ती भर पावसाळ्यात पाहावी.

यावर आक्षेप येतो की अख्ख्या गावाने असेच खड्डे घेतले, विहिरींचे पाणी तरी नितळ आहे. पण नितळपणा हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. सांडपाण्यातल्या नायट्रोजनपासून तयार होणाऱ्या नायट्रेटला तर रंगही नाही आणि वासही नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि पाणी उकळून ते निघत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण या चाचणीला पहार, काही बादल्या पाणी, पट्टी, घड्याळ आणि एक रात्र पुरते. तुंबलेला खड्डा उकरून नवा घेणे त्याहून कितीतरी महाग पडते. तेव्हा टाकीची जागा नकाशावर ठरवण्याआधी श्रावण-भाद्रपदात शेजारच्या विहिरीची पातळी पाहा, भोक घेऊन माती भिजवा, आणि गवंड्याच्या अंदाजापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवा.