प्रश्न कोणी विचारायचे?

मराठीच्या तासाला प्रश्न कोणी विचारायचे, हे आपल्याकडे ठरलेले असते. प्रश्न धड्याखाली छापलेले, उत्तरे गाइडमध्ये तयार. मुलांनी फक्त ती वहीत उतरवायची. २०१८-१९ पासून दहावीच्या भाषा विषयांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. मुलांनी आपल्या मनाने लिहावे म्हणून तिच्यात 'स्वमत' आले. पण आपण इतके हुशार, की स्वमताचीही छापील उत्तरे बाजारात मिळू लागली!

मुलांनी स्वतः वाचावे, स्वतः प्रश्न काढावेत आणि एकमेकांना शिकवावे, हे म्हटले की हे परदेशी खूळ असल्यासारखे लोक बघतात. पण आमच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी बडोद्यात शिकत असताना हेच केले होते. १९१४ साली त्यांनी मित्रांना घेऊन 'विद्यार्थी मंडळ' काढले. घरोघर फिरून पुस्तके जमवली. अभ्यास आपणच करायचा आणि मित्रांपुढे उभे राहून बोलायचे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत, तेव्हा ते लिहून घ्यायला साने गुरुजी बसले. अमळनेरच्या शाळेत शिकवलेला हा शिक्षक तिथे आनंदाने विद्यार्थी झाला.

रेवदंड्याच्या बाजूला एका शाळेत नववीच्या वर्गात मी गेल्या वर्षी मागच्या बाकावर बसलो होतो. बाईंनी पाच-पाच जणांचे गट केले होते. कविता एकच, नियमही एकच : ज्याचे उत्तर गाइडमध्ये सापडेल, तो प्रश्न बाद. कविता समुद्रावरची होती. एक कोळ्याचा मुलगा उठला आणि घरच्या बोलीत त्याने विचारले, "हा कवी कुठल्या महिन्यात समुद्रावर आला होता?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्याची भाषाही त्यांनी सुधारली नाही. मग एक मुलगी म्हणाली, "जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हाचा समुद्र याने पाहिलाच नाही." दुसरा म्हणाला, "त्याला पोट भरायचं नव्हतं, म्हणून त्याला तो शांत दिसला." पंधरा मिनिटे वर्ग भांडत होता, पण भांडताना पुन्हापुन्हा पुस्तकातली ओळ वाचून दाखवत होता. रसग्रहण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

यात अडचणी नाहीत असे नाही. गोंगाट होतो, पोर्शन मागे पडतो, बोलकी मुले बोलतात आणि लाजरी गप्प राहतात. बाईंच्या हातात एक छोटी वही होती. कोण बोलले नाही, याची त्या खूण करत होत्या. पुढच्या तासाची सुरुवात त्या मुलांपासून. मुलांच्या हाती वर्ग दिला म्हणजे शिक्षकाला सुट्टी, असा ज्यांचा समज आहे त्यांनी ती वही पाहावी.

एका कवितेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्यांना माझ्या बँकेतल्या नोकरीतले सांगतो. कर्जाच्या कागदांवर जामीनदारांच्या सह्या घेण्यात माझी कितीतरी वर्षे गेली. "साहेब, सही कुठं करू?" असे शेकडो माणसांनी विचारले. "यात लिहिलंय काय?" असे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कर्ज थकले, नोटीस गेली की तीच माणसे पडल्या चेहऱ्याने येत : "मी तर फक्त सही केली होती." त्यांत पदवीधरही असत. वाचता सगळ्यांना येत होते. समोरच्या मजकुराला प्रश्न विचारायचा असतो, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

आज या किनाऱ्यावर जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. अलिबागपासून मुरुडपर्यंत घराघरांत साठेखते, कुलमुखत्यारपत्रे येऊन पडतात. नववीतल्या त्या मुलांना परीक्षेत किती गुण मिळतील ते मिळोत. उद्या कोणी पुढ्यात कागद सरकवून पेन हातात दिले, तर त्यांतला एखादा तरी म्हणेल, "थांबा. आधी वाचू द्या. मला काही विचारायचंय."