३.४ अक्षरवळण आणि अर्थ : 'फेट्टे फ्राक्टूर'

मुद्रित मजकूर वाचताना आपले लक्ष शब्दांच्या अर्थाकडे असते. अक्षरांच्या वळणाकडे ते सहसा जात नाही. तथापि वळणालाही अर्थ असतो आणि तो त्याच्या वापराच्या इतिहासातून घडतो. 'फेट्टे फ्राक्टूर' या जर्मन टंकाच्या आधारे हा मुद्दा समजून घेऊ.

घडण : मध्ययुगीन युरोपातील लेखनिक रुंद टोकाच्या पिसाच्या लेखणीने लिहीत. आपल्याकडील तिरकस कापलेल्या बोरूप्रमाणे तिच्यातूनही जाड-बारीक रेषा आपसूक उमटत. अक्षरे अरुंद व दाट असल्याने पान काळे भासे. म्हणून या शैलीला इंग्रजीत 'ब्लॅकलेटर', म्हणजे काळे अक्षर, म्हणतात. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलचे खिळे याच शैलीचे होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिच्यातून 'फ्राक्टूर' हा प्रकार पुढे आला. या नावाच्या मुळाशी 'मोडलेले' असा अर्थ आहे, कारण येथे रेषा गोलाकार न वळता ठिकठिकाणी कोनात मोडते. १८५० मध्ये योहान ख्रिस्टियान बाउअर यांनी याच प्रकाराचा 'फेट्टे', म्हणजे जाड, टंक घडवला.

उपयोग : जाड रेषांमुळे हा टंक दुरूनही नजरेत भरतो, म्हणून जाहिराती, पाट्या व मथळे यांना तो शोभतो. मात्र अक्षरांतील पांढरी जागा कमी असल्याने लहान आकारात तो दुर्बोध होतो. त्याची मोठी अक्षरे अतिशय अलंकृत असतात. केवळ त्यांतच शब्द जुळवला, तर तो वाचणे कठीण जाते. दीर्घ मजकुरासाठी तो टाळावा. परंपरा सुचवण्यासाठी आजही बिअरच्या वेष्टनांवर ब्लॅकलेटर आढळते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे शीर्षनामही याच शैलीत आहे.

अर्थाचे राजकारण : नाझी राजवटीने आरंभी फ्राक्टूरला 'जर्मन लिपी' म्हणून गौरविले. पुढे ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमान याच्या सहीने निघालेल्या परिपत्रकाने हीच अक्षरे 'ज्यूंची' ठरवून त्यांचा वापर थांबवण्याचा आदेश दिला. या दाव्याला ऐतिहासिक आधार नव्हता. जिंकलेल्या देशांतील वाचकांना ही लिपी वाचता येत नव्हती, ही व्यावहारिक अडचण मात्र खरी होती. तरीही ही अक्षरे आज अनेकांना नाझी राजवटीचीच आठवण करून देतात. ज्या राजवटीने ती नाकारली, तिचाच कलंक त्यांना चिकटून राहिला!

सारांश, अक्षराचा आकार स्वतः दोषी वा पवित्र नसतो. समाज त्याच्यावर अर्थ लादतो. म्हणून टंक निवडताना सौंदर्य व सुवाच्यता यांच्या जोडीला वाचकाची स्मृतीही विचारात घ्यावी लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : तुमच्या परिसरातील एखाद्या पाटीचे अक्षरवळण पाहा. शब्द वाचण्यापूर्वीच ते तुम्हांला काय सुचवते? त्यामागे कोणता पूर्वपरिचय आहे?