कॉयर आली नि पार्टी गेली!

‘क्लबची मीटिंग’ म्हटलं की आमच्या घरातले पुरुष गालातल्या गालात हसतात. ‘आज साडी कोणती आणि मेनू काय?’ एवढे दोनच प्रश्न त्यांना सुचतात. हसू देत बापडे! मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या कुठल्या ना कुठल्या क्लबात, मंडळात, भिशीत आहेत त्यांना ठाऊक आहे. साडी आणि मेनू असतोच, पण त्यांच्या आडून बरंच काही चाललेलं असतं.

आमचा क्लब इनरव्हीलचा. नवरे रोटरीत म्हणून बायका इनरव्हीलमध्ये, असा जुना हिशेब. बायकांना सभासद करून घ्यायला रोटरीला 1989 साल उजाडावं लागलं. पण त्याच्या कितीतरी आधी, 10 जानेवारी 1924 रोजी, मँचेस्टरमध्ये मार्गरेट गोल्डिंग नावाच्या बाईंनी रोटेरियनांच्या घरच्या बायका गोळा करून हा वेगळा संसार थाटला. बाई पेशाने नर्स, शिवाय स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्या. पहिली जमवाजमव म्हणे एका टर्किश बाथच्या जागेत झाली होती. आम्हाला निदान मंगल कार्यालयाचा हॉल तरी मिळतो! भारतातला पहिला क्लब 1955 साली अहमदाबादला निघाला.

तर, डिसेंबर 2023. शताब्दी अवघ्या महिन्यावर आलेली. डिसेंबरची मीटिंग आमच्याकडे हलकीफुलकीच असते. तंबोला, वर्षअखेरचे खेळ, आणि मग एक दिवस हॉटेलात सगळ्यांचं जेवण. या वेळी अध्यक्षांनी नवीनच टूम काढली. शेजारच्या तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजची कॉयर, म्हणजे समूहगान पथक, ख्रिसमसच्या निमित्ताने गावोगाव गाते, त्यांना बोलवायचं.

झालं! कमिटीच्या बैठकीत दोन तट पडले. एकीचं म्हणणं, ‘आपलं भजनी मंडळ आहे की, त्यांना कधी बोलावलंत?’ दुसरी म्हणाली, ‘इंग्रजी गाणी कळणार कोणाला?’ तिसरीने जे मनात होतं ते स्पष्टच विचारलं, ‘ख्रिसमसचं आपल्याला काय हो?’ अध्यक्ष आमच्या खमक्या. म्हणाल्या, ‘ईदचा शीरखुर्मा वाटीवाटीने मागून घेता, तेव्हा नाही विचारलंत ते!’

मला स्वतःला या प्रश्नाचं नवल वाटतं. नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात राहून ख्रिस्ती गाणी परकी म्हणायची? अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाण मांडलं 1831 मध्ये. ‘ज्ञानोदय’ तिथूनच 1842 मध्ये निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर नगरमध्ये राहिले, आणि त्यांनी ख्रिस्ताची भजनं लिहिली ती आपल्या अभंग-ओवीच्या वळणाची, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी. बी. ए.ला मराठी होतं म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही वाचली. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे पुरं केलं तेही लक्ष्मीबाईंनीच. असो. माझं भाषण कमिटीने अर्ध्यावर थांबवलं, पण कॉयर येणार हे ठरलं.

16 डिसेंबर, शनिवार. चारची वेळ, आणि बस आली पावणेपाचला. कारण विचारायची गरजच नव्हती. आमचा भाग प्रवरेकाठचा, उसाचा. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलांच्या टायरगाड्या. एकदा त्यांच्या मागे अडकलात की घड्याळ काढून ठेवावं. बसमधून चोवीस मुलं उतरली, चौदा मुली आणि दहा मुलगे. पांढरे कुडते, मुलींच्या गळ्यात लाल ओढण्या. त्यांचे सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक. गाणं हा त्यांचा नाद. त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, की चोवीसातली पंधरा-सोळा मुलं ख्रिस्ती नाहीतच. वसतिगृहात राहणारी, खेड्यापाड्यांतली. संध्याकाळी काय करायचं म्हणून सरावाला येऊन बसली आणि रमली.

गाण्याआधी सरांनी दहा मिनिटं आम्हाला चक्क शिकवलं. आपल्या भजनात शंभर माणसं असली तरी चाल एकच. इथे मात्र चार गट. मुलींचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा अल्टो. मुलग्यांचा वरचा टेनर, खालचा बेस. चौघांची चाल निराळी, शब्द तेच. आधी त्यांनी अल्टोच्या मुलींना एकट्यांनाच गायला लावलं. खरं सांगते, गाणं ओळखूसुद्धा येईना. सगळं दोन-तीन सुरांतच घुटमळतंय. मग चौघे मिळून गायले, आणि ओळखीची ख्रिसमसची धून हॉलभर झाली. मग सरांनी हाताने खूण करून अल्टोला गप्प केलं. गाणं चालूच राहिलं, पण एकदम पोकळ! माझ्या शेजारच्या काकू पुटपुटल्या, ‘अगं बाई, ही तर सुनेची गत.’ मागच्या रांगेपर्यंत हशा.

सरांनी कूमी वाडिया यांच्याविषयीही सांगितलं. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी सुरू केलेला परंज्योती अकादमी कोरस 1967 पासून त्यांनी सांभाळला आणि देशोदेशी नेला. कॉयर चालवणारी बाई, हे तेव्हा आपल्याकडे नवलाचं होतं. आपल्या पुरवण्यांमध्ये यायला हवीत ती अशी नावं!

इंग्रजी गाणी झाली. टिळकांचं एक भजन झालं, त्यावर आमच्या भजनी मंडळाच्या सभासद आपोआप टाळ्या धरू लागल्या. पहिला तट, दुसरा तट, सगळं विरघळलं. मग चहा आणि समोसे.

अल्टोच्या रांगेतली कडेची मुलगी समोसा हातात धरून खिडकीशी उभी होती. एफ.वाय.बी.ए.ची. मी सहज विचारलं, ‘सुट्टी कधीपासून गं? घरी जाणार असशील.’ ती म्हणाली, ‘घर बंद आहे काकू. आईदादा इथंच आहेत, तुमच्याकडं.’ मला कळेना. तिने बोट केलं ते रस्त्यावरच्या टायरगाड्यांकडे.

पाथर्डी तालुक्यातलं तिचं गाव. दिवाळी झाली की गाव ओस पडतं, म्हातारी माणसं तेवढी मागे. बाकी सगळे ऊसतोडीला. आमच्या हॉलपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या फडात तिचे आईवडील ऊस तोडत होते. ‘अगं मग फोन करून बोलावून घेऊ की! माझी गाडी आहे,’ मी म्हणाले. ‘नको काकू. खाडा धरतात.’ दिवस बुडाला की मुकादम उचलीच्या हिशेबात पैसे कापून घेतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्यातली एकजण गाणं ऐकायला आली तर दुसऱ्याने मोळ्या कुणाच्या डोक्यावर द्यायच्या? तरी तिने फोन लावला. दोनदा. उचलला नाही. गाडी भरायची वेळ असणार, म्हणाली.

खरी गोष्ट सरांनी मला बाजूला घेऊन सांगितली. 23 डिसेंबरपासून 1 जानेवारीपर्यंत वसतिगृह बंद. कुलूपच लागतं. मेसचे आचारी गावी जातात, रेक्टरही. अशा अकरा मुली आहेत, की ज्यांचं घर तेव्हा घराच्या जागी नसतं. त्या फडावर जातात. तिथे काय, तर उसाच्या पाचटाची कोपी, आणि पहाटे चारपासून काम. पोरगी आली की दोन हात वाढले. फडावरच नात्यागोत्यातलं कुणी स्थळ काढतं. लग्न झालं की नवा कोयता, नव्या कोयत्याला वेगळी उचल. आदल्या वर्षी दोन मुली नाताळच्या सुट्टीत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. शाळेतल्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृहं तरी चालतात. कॉलेजच्या मुलींचा विचार त्यात कुठे? (तोडणीच्या दरात पुढे जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली. आंदोलनं करून मिळवलेली.)

चहानंतर मी अध्यक्षांच्या कानावर घातलं, आणि त्यांनी माइकच माझ्या हातात दिला. मी सांगितलं. पहिल्यांदा जे होतं तेच झालं. ‘आपण अकरा ब्लँकेटं देऊ.’ ‘चेक देऊ, पेपरात फोटो येईल.’ ‘एकेकीला आपापल्या घरी ठेवून घेऊ या.’ हा शेवटचा बेत मलाही मनापासून आवडला होता. ती मुलगीच हळूच म्हणाली, ‘काकू, दुसऱ्याच्या घरी राहिलं की काम करावंसंच वाटतं. पुस्तक नाही उघडवत. होस्टेलच उघडं ठेवता येईल का?’

हॉल गप्प. मग आमच्या खजिनदार चष्मा चढवून उभ्या राहिल्या. बँकेत नोकरी केलेली बाई, आकडे तोंडावर. हॉटेलचं जेवण अडतीस जणींचं, ताटाला 450. म्हणजे 17,100. अकरा मुली, दहा दिवस, नाश्ता आणि दोन जेवणं मिळून रोजचे 120. म्हणजे 13,200. उरलेल्यात गॅस, दूध, वॉचमनचे जादा पैसे. ‘पार्टी की मेस, हात वर करा.’ सगळे हात वर गेले असं लिहिलं तर खोटं होईल. एकोणतीस गेले. बाकीच्या नऊजणींतल्या दोघींनी पुढे सर्वांत जास्त धावपळ केली, हेही लिहायला हवं.

पैसे हा सोपा भाग होता. प्राचार्यांचं म्हणणं, रेक्टर रजेवर, जबाबदार बाई असल्याशिवाय मुलींना ठेवता येणार नाही. त्यांचंही चूक नव्हतं. तेव्हा आम्हीच पाळ्या लावल्या. दोघीदोघींनी एकेक रात्र वसतिगृहात मुक्काम. पालकांची लेखी संमती हवी होती, म्हणून दोन दिवस फडाफडांवर फिरलो. कुणाचा फड श्रीरामपूरकडे, कुणाचा राहुरीकडे. ज्यांचे आईवडील थेट कर्नाटकात होते त्यांची मुकादमाच्या फोनवरून समजूत. एका वडिलांनी तीन वेळा ‘नाही’ म्हटलं. चौथ्या वेळी मुलीच्या आईने कागद हातातून घेतला आणि अंगठा उमटवला. तिच्या मुलीचं त्याच आठवड्यात ‘बघायचं’ ठरलं होतं, हे नंतर कळलं.

माझी पाळी 26 तारखेला. घरी ‘रात्रीच्या पोळ्यांचं काय?’ या प्रश्नाचं उत्तर ‘पीठ डब्यात आहे’ असं देऊन निघाले. मुलींनीच पिठलं-भाकरी केली होती. माझ्या भाकरीपेक्षा त्यांच्या पातळ. नऊला सगळ्या पुस्तकं घेऊन बसल्या. अकरा वाजता थंडीने कुडकुडत गाणं सुरू झालं. आम्हालाही धरलं. मला अल्टोत बसवलं, आणि ती पाथर्डीची मुलगी दर ओळीला थांबवून सांगायची, ‘काकू, तुम्ही पुन्हा सोप्रानोकडं पळालात.’ तुम्हीही करून बघा. शेजारणीचा सूर कानात शिरत असताना आपला सूर धरून ठेवणं किती कठीण असतं ते!

1 जानेवारीला अकराच्या अकरा मुली वर्गात जायला तयार होत्या. 10 जानेवारीला शताब्दीच्या कार्यक्रमात कॉयर पुन्हा आली. आम्ही सहाजणी मागे उभ्या राहून गायलो, बरं झालं की वाईट ते नवऱ्यांना विचारू नका.

डिसेंबर 2024 मध्ये कॉलेजने सुट्टीत मेस आपल्या खर्चाने चालू ठेवली. रात्रीच्या पाळ्या मात्र आमच्याकडेच राहिल्या. ज्या मुलीचं ‘बघायचं’ ठरलं होतं ती बारावी होऊन आता नर्सिंगला गेली आहे. अल्टोवाली टी.वाय.ला आहे. तिच्या धाकट्या बहिणीला यंदा अकरावीला प्रवेश मिळाला, आणि वसतिगृहात खाटही.